मौनी देवाचे जहाज : ‘लेजेंड ऑफ द गॅलेक्टिक हीरोज’मधली नॉर्स नावे

#थ्रेड

जपानी ॲनिमेत एक ॲडमिरल असा आहे, जो जवळजवळ कधीच बोलत नाही. त्याचे नाव अर्न्स्ट फॉन आयझेनाख. तो हुकूम देतो तेही बोटांच्या चुटकीने आणि हातवाऱ्यांनी. हाताखालच्या माणसांनी या खुणा पाठ करून ठेवल्या आहेत. एकदा अधिकाऱ्यांच्या क्लबात बुद्धिबळ खेळताना त्याच्या तोंडून ‘चेकमेट’ एवढा एकच शब्द निघाला, आणि ती त्याच्या सहकाऱ्यांसाठी गोष्ट सांगण्यासारखी घटना ठरली.

त्याच्या जहाजाचे नाव ‘विदार’.

तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिलेल्या एका ग्रंथात ओडिनचा पुत्र विदार याची ओळख ‘मौनी देव’ अशी करून दिलेली आहे. जहाजाला हे नाव देणाऱ्याने तो मजकूर वाचलेला होता, हे उघड आहे.

हा थ्रेड या नावांचा माग काढण्यासाठी आहे. आइसलँडच्या वासराच्या कातड्यावरून ही नावे जपानच्या अंतराळयानांवर कशी पोहोचली, वाटेत ती कोणाकोणाच्या हातांतून गेली आणि त्या हातांनी त्यांचे काय केले, हा प्रश्न आहे. (मालिका पाहायची राहिली असेल त्यांनी इथेच थांबावे. पुढे कथेतली बरीच वळणे उघड होतील.)

आधी मालिकेविषयी थोडेसे. योशिकी तानाका यांची ‘लेजेंड ऑफ द गॅलेक्टिक हीरोज’ ही दहा खंडांची कादंबरीमाला १९८२ ते १९८७ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यावरची ११० भागांची ॲनिमे मालिका १९८८ ते १९९७ अशी जवळपास दहा वर्षे निघत राहिली. दिग्दर्शक नोबोरु इशिगुरो. २०१८ पासून तिचे नवे रूपांतरही आले, आणि त्याचे उपशीर्षक जर्मन भाषेत आहे : ‘डी नॉये थेझे’.

कथा दूरच्या भविष्यातली आहे. आकाशगंगेत एका बाजूला वंशपरंपरागत साम्राज्य आहे आणि दुसऱ्या बाजूला लोकशाही संघराज्य. साम्राज्यात राइनहार्ड फॉन लोएनग्राम हा तरुण सेनानी सिंहासनाच्या दिशेने चढत जातो. लोकशाहीच्या बाजूने त्याच्यासमोर उभा राहतो यांग वेन-ली. यांगला खरे तर इतिहासकार व्हायचे होते. फुकट शिकता येईल म्हणून तो सैनिकी अकादमीत गेला, आणि तिथला युद्धेतिहास विभागच बंद पडला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा माणूस इतका जवळचा का वाटतो, हे वेगळे सांगायला नको.

आता साम्राज्याच्या बाजूची नावे पाहा. राजधानीचा ग्रह ‘ओडिन’. तो ज्या सूर्यमालेत आहे, ती ‘वाल्हाला’. एका वैमानिकाची लढाऊ विमाने ‘वालक्युरे’, म्हणजे रणांगणावरून वीरांना निवडून नेणाऱ्या वाल्किरी. इझरलोन या महाकाय अवकाशदुर्गाच्या मुख्य तोफेचे नाव ‘थोरचा हातोडा’. राइनहार्डचे शुभ्र जहाज ‘ब्रुनहिल्ड’. ॲडमिरल मेकलिंगर हा कवी, चित्रकार आणि पियानोवादक आहे. त्याचे जहाज ‘क्वासिर’. नॉर्स कथेत क्वासिर हा देवांनी घडवलेला परमज्ञानी पुरुष. त्याला मारून त्याच्या रक्तात मध मिसळला गेला, आणि जे पेय तयार झाले ते पिणारा कवी होतो. धिप्पाड ॲडमिरल केम्प्फचे जहाज ‘योतुनहाइम’, राक्षसांचा देश.

सगळीच नावे अशी नेमकी बसत नाहीत. लुट्झच्या जहाजाचे नाव ‘स्किर्निर’, हा फ्रेय देवाचा निरोप्या. लुट्झशी त्याचे नाते काय, हे शोधूनही हाती लागत नाही. मात्र आयझेनाख आणि मेकलिंगर या दोन उदाहरणांत योगायोगाला जागा उरत नाही.

लोकशाहीच्या बाजूला चित्र वेगळे आहे. तिथली लढाऊ विमाने ‘स्पार्टानियन’. जहाजांत ‘हायपेरियन’, ‘युलिसिस’, ‘पॅट्रोक्लस’ अशी ग्रीक परंपरेतली नावे आहेत, तशीच चिनी पुराणातला ‘पॅन गू’ आणि स्लाव लोकांचा तीन मस्तकांचा देव ‘त्रिग्लाव’ही आहे. तिथे जगभरची पुराणे एकत्र नांदतात. साम्राज्यात एकच पुराण चालते.

हे एकच पुराण का? इथे उत्तर देण्याची एक लोकप्रिय पद्धत आहे. ‘नॉर्स कथांमधले आदिबंध मानवी मनात खोल रुजलेले असतात, म्हणून ते विज्ञानकथेतही उगवतात’, असे म्हणायचे आणि मग जुळण्या शोधत बसायचे. हा खेळ रंजक आहे, पण त्यातून काहीही सिद्ध करता येते. आदिबंध शोधणाऱ्याला तो सापडतोच.

आणि आदिबंध या संकल्पनेचा नॉर्स देवांशी एक जुना, अवघडलेला संबंध आहे. आदिबंधांचा सिद्धांत मांडणारे स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्टाव युंग यांनी १९३६ मध्ये ‘वोटान’ नावाचा निबंध लिहिला. वोटान हे ओडिनचेच जर्मन रूप. हिटलरच्या जर्मनीत जे घडत होते त्याचे स्पष्टीकरण अर्थकारण, राजकारण आणि व्यक्तींचे मानसशास्त्र यांपेक्षा वोटान अधिक चांगले देतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. निद्रिस्त वादळाचा देव जागा झाला आहे आणि त्याने एका राष्ट्राला झपाटले आहे, अशी ती मांडणी.

वाचायला ती प्रभावी आहे. पण तिच्यात एक खोट आहे. देवानेच लोकांना झपाटले असेल, तर ती नावे निवडणारे, कायदे लिहिणारे आणि त्यांवर सह्या करणारे लोक कुठे गेले? वादळावर खटला भरता येत नाही.

तानाकांची कथा या प्रश्नाचे उत्तर फार सरळ देते. साम्राज्यातली जर्मन आणि नॉर्स नावे कोणाच्याही नेणिवेतून उगवलेली नाहीत. ती एका माणसाने लादली आहेत. रुडॉल्फ फॉन गोल्डेनबाउम हा लोकशाहीत निवडून आलेला नेता. त्याने सत्ता गिळली, स्वतःला सम्राट घोषित केले, सरदारवर्ग निर्माण केला, आपल्या मर्जीतल्यांना पदव्यांसोबत जर्मन धाटणीची आडनावे वाटली. मानवजात अनेक ग्रहांवर पसरल्यानंतर हजारो वर्षांपूर्वीच्या एका प्रदेशाचे पुराण त्याने शोधून काढले आणि राज्याला चढवले. सम्राटाच्या प्रासादाचे नाव ‘नॉये सांसूसी’, म्हणजे प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटच्या पोट्सडॅममधल्या राजवाड्याची नवी आवृत्ती. खुद्द राइनहार्डचे ‘लोएनग्राम’ हे नावही जन्माचे नाही. तो जन्मला म्युझेल या नावाच्या घरात. लोएनग्राम हे सम्राटाने बहाल केलेले घराण्याचे नाव आहे. वाग्नरच्या ‘लोएनग्रिन’ या संगीतिकेची आठवण त्यातून येते ती वेगळीच.

म्हणजे या कथेतले पुराण हे भूतकाळातून वाहत आलेले नाही. ते राजवटीने तयार केलेला भूतकाळ आहे. जुने भासावे म्हणून निवडलेले, पण मुळात नवे.

हे समजण्यासाठी खऱ्या इतिहासाकडे वळावे लागते, कारण प्रत्यक्षातही असेच घडले होते. बखर हाती आली की ती कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिली, हे आपण आधी विचारतो. नॉर्स पुराणांनाही तोच प्रश्न विचारायला हवा.

ओडिन, थोर, विदार यांच्याविषयी आज जी सलग गोष्ट सांगितली जाते, तिचा बराच मोठा भाग एका माणसाच्या लेखणीतून आला आहे : स्नोरी स्टुर्लुसॉन (११७९–१२४१). स्नोरी हा आइसलँडमधला श्रीमंत सरदार, कवी, दोनदा तिथल्या महासभेचा विधिवक्ता राहिलेला मुत्सद्दी. त्याने सुमारे १२२० मध्ये ‘गद्य एडा’ लिहिली. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इ. स. १००० च्या सुमारास. म्हणजे स्नोरी हा देवांचा उपासक नव्हता. तो दोनशे वर्षांनंतरचा ख्रिस्ती लेखक होता. जुन्या कवितेतली रूपके समजायची तर जुन्या देवांच्या गोष्टी ठाऊक हव्यात, या निकडीतून त्याने हे लेखन केले. ग्रंथाच्या प्रस्तावनेत तर हे देव मुळात ट्रॉयकडून आलेले माणसांचे राजे होते, असा दावा आहे. स्नोरीचा शेवट राजकारणातच झाला. नॉर्वेच्या राजाच्या इच्छेवरून १२४१ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्याच रेकहोल्ट इथल्या घरात त्याला ठार मारण्यात आले.

दुसरा आधार म्हणजे ‘कोडेक्स रेजियस’ हे हस्तलिखित. ते सुमारे १२७० मध्ये लिहिले गेले. देवांच्या आणि वीरांच्या जुन्या कविता त्यात आहेत. पुढची जवळपास पावणेचारशे वर्षे ते कुठे होते, याचा पत्ता नाही. १६४३ मध्ये ते स्कालहोल्टचा बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सॉन याच्या हाती आले आणि १६६२ मध्ये त्याने ते डेन्मार्कच्या राजाला पाठवले. आइसलँड स्वतंत्र झाल्यावर ते परत मिळावे म्हणून दीर्घ वाटाघाटी झाल्या. अखेर २१ एप्रिल १९७१ रोजी ते रेक्याविकच्या बंदरात उतरले. विमानाची जोखीम नको म्हणून ते युद्धनौकेने आणले होते.

या हस्तलिखिताची ४५ पाने उरली आहेत आणि मधली ८ पाने हरवली आहेत. ती नेमकी कुठली? वीर सिगुर्ड आणि ब्रिनहिल्डर यांच्या कथेतली. वाल्किरी ब्रिनहिल्डर आणि सिगुर्ड यांची भेट, वचन, फसवणूक, हा सारा गाभा त्या पानांत असणार. आज ती कथा ‘व्होल्सुंगा सागा’ या नंतरच्या गद्यरूपावरून भरून काढावी लागते. राइनहार्डच्या जहाजाला ज्या स्त्रीचे नाव आहे, तिच्या कहाणीचा मध्यच गहाळ आहे.

याच सुमारास जर्मन भाषेत तिची दुसरी कहाणी रचली गेली. ‘निबेलुंगेनलीड’ या सुमारे १२०० च्या काव्यात ब्रुनहिल्ड ही आइसलँडची राणी आहे. भालाफेक, शिळाफेक आणि लांब उडी यांत जो तिला हरवील त्यालाच ती वरणार असते. नाव एकच, पण उत्तरेकडची ब्रिनहिल्डर आणि जर्मनीतली ब्रुनहिल्ड या जवळपास दोन वेगळ्या स्त्रिया आहेत.

त्यांना एकत्र शिवले रिचर्ड वाग्नरने. ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिमचे ‘जर्मन पुराणविद्या’ हे पुस्तक १८३५ मध्ये आले होते. जर्मनी तेव्हा एक राष्ट्र नव्हते, ते व्हावे अशी धडपड मात्र चालू होती. राष्ट्राला प्राचीन पुराण हवे होते, आणि जर्मन प्रदेशातले पुराण जवळजवळ शिल्लक नव्हते. मग आइसलँडचे उचलून ‘आपले’ म्हणण्यात आले. १८४८ पासून वाग्नर चार संगीतिकांच्या मालिकेवर काम करत होता. ऑगस्ट १८७६ मध्ये बायरॉइट इथे ‘निबेलुंगची अंगठी’ प्रथमच सलग सादर झाली. जर्मन साम्राज्य स्थापन होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती आणि प्रेक्षकांत खुद्द कैसर विल्हेल्म होता.

आता तानाकांच्या नावांकडे परत या. त्यांत दोन्ही उगमांचे ठसे स्वच्छ दिसतात. वाग्नरच्या रंगभूमीवर देवांच्या राजाचे नाव ‘वोटान’ आहे. तानाकांच्या राजधानीचे नाव मात्र ‘ओडिन’, म्हणजे उत्तरेकडचे रूप. विदार, क्वासिर आणि स्किर्निर ही पात्रे वाग्नरच्या अंगठीत येतच नाहीत. ती एडांमधूनच यावी लागतात. उलट ‘ब्रुनहिल्ड’ आणि ‘वालक्युरे’ ही रूपे जर्मन. उत्तरेकडचे मूळ शब्द असते तर ‘ब्रिनहिल्डर’ आणि ‘वाल्किर्या’ असे झाले असते.

सर्वांत सुंदर पुरावा एका मोहिमेच्या नावात दडला आहे. राइनहार्ड लोकशाहीवर अंतिम चढाई करतो, त्या मोहिमेचे नाव ‘राग्नारोक’. जपानी छपाईत चिनी लिपिचिन्हांच्या शेजारी बारीक अक्षरांत उच्चार देण्याची प्रथा आहे, तिला फुरिगाना म्हणतात. कादंबरीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे ‘देवांची संध्याकाळ’, आणि शेजारच्या बारीक अक्षरांत त्याचा उच्चार दिला आहे ‘राग्नारोक’.

या दोन गोष्टी एक नाहीत. जुन्या नॉर्स भाषेत ‘राग्नारोक’चा अर्थ देवांची नियती किंवा देवांचा विनाश. त्याच्याशी मिळताजुळता दुसरा शब्द होता ‘राग्नारोक्कर’, देवांचा अंधार. स्नोरीने हा दुसरा शब्द वापरला. त्याचे जर्मन झाले ‘ग्योटरडेमरुंग’, देवांची संधिछाया, आणि वाग्नरने हेच शीर्षक आपल्या शेवटच्या संगीतिकेला दिले. त्याचे जपानी भाषांतर म्हणजे ती मोठी अक्षरे. कादंबरीतल्या एका शब्दावर वाग्नर आणि एडा असे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसले आहेत. नेणीव असे काही करत नाही. हे काम वाचलेल्या पुस्तकांचे आहे.

वाग्नर आणि तानाका यांच्या मध्ये १९३३ ते १९४५ हा काळ आहे, आणि तो वगळून ही नावे वाचता येत नाहीत. एसएसच्या गणवेशावरची दुहेरी विजेसारखी खूण रून लिपीतल्या अक्षरावरून घेतलेली होती. स्कँडिनेव्हिया आणि इतर देशांतले स्वयंसेवक घेऊन १९४० मध्ये उभारलेल्या एसएसच्या डिव्हिजनचे नाव होते ‘वीकिंग’. गंमत अशी की २० जुलै १९४४ रोजी हिटलरला बॉम्बने मारण्याचा प्रयत्न करणाऱ्या अधिकाऱ्यांनी सत्ता हाती घेण्यासाठी जी योजना वापरली, तिचेही नाव ‘वालक्युरे’च होते. ती मुळात राजवटीनेच अंतर्गत बंडाळी मोडण्यासाठी आखलेली होती. एकाच नावाखाली दोन्ही बाजू लढल्या.

याच ठिकाणी आदिबंधांचा शोध कसा चकवतो, ते पाहता येते. राइनहार्डचा सल्लागार पाउल फॉन ओबरश्टाइन. थंड, हिशेबी, निर्दय. त्याचे दोन्ही डोळे कृत्रिम आहेत. नॉर्स कथेत ओडिनने मीमिरच्या विहिरीतले ज्ञानाचे पाणी मिळवण्यासाठी एक डोळा दिला होता. ज्ञानासाठी डोळा गमावलेला सल्लागार! आदिबंध शोधणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे?

पण ओबरश्टाइन स्वतः आपल्या डोळ्यांविषयी काय सांगतो, ते ऐकायला हवे. तो जन्मांध आहे. रुडॉल्फने ‘निकृष्ट जनुकांच्या उच्चाटनाचा’ कायदा केला होता. पुढच्या काळात तो कायदा नामधारी उरला, पण त्याचे कथन थरकाप उडवणारे आहे : आपण रुडॉल्फच्या काळात जन्मलो असतो तर बाळपणीच संपवले गेलो असतो. म्हणून त्याला त्या राजवंशाचा द्वेष आहे आणि म्हणूनच तो राइनहार्डच्या पाठीशी उभा राहतो.

१४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने आनुवंशिक रोग असलेल्या संततीला प्रतिबंध करणारा कायदा केला. सक्तीच्या नसबंदीसाठी त्यात ज्या व्याधींची यादी होती, तिच्यात आनुवंशिक अंधत्व होते. सुमारे ४ लाख लोकांची या कायद्याखाली नसबंदी झाली. १९३९ पासून अपंग मुलांना आणि प्रौढांना ठार मारण्याची मोहीम सुरू झाली. ओबरश्टाइनचे डोळे या इतिहासातून आले आहेत. त्यांच्यात ओडिन पाहिला, की हा कायदा दिसेनासा होतो. ज्या राजवटीने राजधानीला ओडिनचे नाव दिले, तिनेच या माणसाला जगण्यास अपात्र ठरवले असते, ही तानाकांनी साधलेली विसंगतीही मग निसटते.

याचा अर्थ कथांमधली साम्ये पाहूच नयेत, असा नाही. इझरलोनचा प्रसंग घ्या. हा दुर्ग अजिंक्य मानला जातो. यांग वेन-ली तो आपला एकही माणूस न गमावता घेतो. त्याचे काही सैनिक शत्रूचा गणवेश घालतात, मार खाऊन पळालेल्या शाही जहाजाचे सोंग घेतात आणि दुर्गात शिरतात. ‘थोरचा हातोडा’ असा परक्यांच्या हाती जातो आणि साम्राज्याच्याच जहाजांवर आग ओकतो.

कोडेक्स रेजियसमधल्या एका विनोदी कवितेत थ्रिम नावाचा राक्षस थोरचा हातोडा चोरतो आणि बदल्यात फ्रेया देवीचा हात मागतो. मग दाढीवाल्या थोरलाच नववधूचा शालू नेसवून पाठवतात. नववधू मेजवानीत एक अख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करते, तेव्हा लोकी सारवासारव करतो : वरासाठी आतुर झालेल्या वधूने आठ रात्री अन्न शिवले नव्हते! हातोडा मांडीवर येताच थोर सगळ्यांना आडवे करतो.

हातोडा आणि वेषांतर, दोन्ही इथेही आहेत आणि तिथेही. तानाकांना ही कविता आठवत होती का? कथेत त्याची खूण नाही. वेषांतर करून किल्ला घेण्याच्या कथा जगात सर्वत्र आहेत. विदारच्या बाबतीत नाव आणि गुण यांची गाठ आहे, इथे फक्त साम्य आहे. या दोहोंतला फरक सांभाळणे, एवढेच अशा वाचनाला हवे.

तोच निकष इतर मालिकांना लावून पाहावा. लेजी मात्सुमोतो यांची ‘हार्लॉक सागा’ (१९९९) तर उघडच वाग्नरच्या ‘ऱ्हाइनगोल्ड’चे अंतराळी रूपांतर आहे. ‘मॅक्रॉस डेल्टा’मधल्या (२०१६) गायिकांच्या पथकाचे नाव ‘वालक्युरे’, पुन्हा जर्मन उच्चारात. ‘मोबाइल सूट गंडाम: आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स’ (२०१५–१७) अधिक मनोरंजक. त्यात शांतता राखणाऱ्या सैनिकी संघटनेचे नाव ‘ग्याल्लारहोर्न’, म्हणजे संकट येताच देवांना जागे करणारे हाइमडालचे शिंग. तिचे मुख्यालय ‘विंगोल्फ’, हे स्नोरीच्या ग्रंथातल्या दिव्य सभागृहाचे नाव. आणि त्याच मालिकेतल्या एका यंत्रमानवाचे नाव ‘ग्रिमगेर्डे’. ते स्नोरीत शोधून सापडणार नाही, कारण ती वाग्नरच्या नऊ वाल्किरींपैकी एक आहे. एकाच मालिकेत पुन्हा दोन्ही उगम. इथेही नाव आणि कृती यांत अंतर आहे : पहाऱ्याचे शिंग म्हणवणारी संघटना स्वतःच इतकी किडलेली आहे, की तिच्याविरुद्धच कोणीतरी शिंग फुंकायला हवे.

तानाकांच्या कथेत राग्नारोक मोहीम यशस्वी होते. लोकशाही संघराज्य शरण येते, राइनहार्ड सम्राट होतो, गोल्डेनबाउम घराणे संपते. आणि मग नवा सम्राट एक निर्णय घेतो, ज्याकडे पाहणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. तो राजधानी ओडिनवरून हलवतो आणि फेझान या व्यापाऱ्यांच्या ग्रहावर नेतो. फेझान हे आजच्या लिबियातल्या एका प्रदेशाचे नाव आहे. तिथे ना देव, ना वीर. व्यापाराचे मार्ग मात्र तिथेच एकत्र येतात. मोहिमेला ‘देवांची संध्याकाळ’ हे नाव दिले तेव्हा सर्वांना वाटले, की ती संध्याकाळ शत्रूची आहे. प्रत्यक्षात सूर्य ओडिनवरही मावळला.

राहता राहिला आयझेनाख. स्नोरीच्या वर्णनात राग्नारोकच्या दिवशी फेनरिर लांडगा ओडिनला गिळतो. तेव्हा विदार पुढे येतो, एक पाय लांडग्याच्या खालच्या जबड्यावर रोवतो आणि हाताने वरचा जबडा धरून त्याचे तोंड फाडतो. त्या पायातला जोडा युगानुयुगे तयार होत आलेला असतो. माणसे पादत्राणे करताना टाचेजवळचे आणि बोटांजवळचे चामड्याचे तुकडे कापून टाकतात, त्या तुकड्यांचा तो बनलेला. म्हणून देवांना मदत करायची असेल त्याने ते तुकडे फेकून द्यावेत, असे स्नोरी अगदी गंभीरपणे सांगतो.

विदार त्या संहारातून वाचतो. आग विझल्यावर समुद्रातून हिरवी पृथ्वी पुन्हा वर येते. उरलेले देव एकत्र बसतात, जुन्या गोष्टी बोलतात, आणि त्यांना गवतात सापडतात त्या जुन्या देवांच्या खेळातल्या सोन्याच्या सोंगट्या.

११० भागांच्या शेवटी राइनहार्डच्या अनेक जुन्या साथीदारांची जहाजे रिकामी झालेली असतात. ‘विदार’चा ॲडमिरल मात्र जिवंत असतो.